व्याह्यांसमोर घातलेलं गाऱ्हाणं

बाबा, तुमच्या नातीचं लग्न ठरलं आणि मुलगा जपानचा आहे. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, "मासे खातत मां ते?" खातात. आपल्यापेक्षा जास्त खातात, त्यामुळे त्या बाबतीत घरात कोणालाच घोर नव्हता. ती तिकडे ज्या कंपनीत नोकरी करते त्याच कंपनीत तो आहे. शांत आहे, उंच आहे, आणि फोनवर मला बघून दर वेळी मान इतकी खाली घालतो की मला पडद्यावर त्याचा भांगच दिसतो. तुमच्या सुनेने पगार विचारला नाही की जात विचारली नाही. तिने एवढंच विचारलं, "भात आपल्यासारखा मोकळा खातात ना?" नाही, चिकट खातात. त्यावर ती जरा हिरमुसली, मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे, आटलेली पेज समजायची," आणि तिथे लग्न ठरलं. तुम्ही गेलात तेव्हा ही नात बालवाडीत होती, तुमच्या खांद्यावर बसून सेक्टरच्या नाक्यापर्यंत जायची आणि येताना हातात काहीतरी घेऊनच यायची. ती आता जपान्याच्या घरात सून म्हणून जाणार.

पण तुम्हाला लिहायला बसलो ते नुसती बातमी द्यायला नाही. तुमचा मुलगा या वयात जपानी शिकतोय, हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं. आठवड्यातून दोनदा, कारखान्यातून सुटलो की मी रिक्षा पकडून बोरिवलीला जातो. फरसाणच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे क्लास भरतो. खालून दिवसभर फाफडा तळल्याचा वास वर येत असतो, त्यामुळे माझं जपानी थोडं तेलकटच आहे. वर्गातली बाकीची पोरं विशी-बाविशीची, कोणी तिकडे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला जाणार, कोणी कारखान्यात. शिकवणारी मुलगी घाटकोपरहून येते, मूळची लातूरकडची, वयाने आपल्या पोरीएवढी. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहिलो तर म्हणाली, "काका, मुलाला सोडायला आलात का? बसा ना खाली, तास संपला की येईल तो." मी म्हटलं, मीच आलोय. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीकडे बघितलं आणि पुढच्या बाकावर जागा करून दिली. मी तिला सेन्सेई म्हणतो, म्हणजे बाई. ती मला काका म्हणते आणि मुलांपेक्षा जास्त रागावते.

सगळ्यांना मी सांगितलं की व्याह्यांशी चार शब्द बोलता यावेत म्हणून शिकतोय. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला जपानीत एकच वाक्य बोलायचं होतं. ते का, हे सांगायचं तर तुमच्या नातीच्या बारशापासून सांगायला पाहिजे. तुम्हाला आठवत असेल, बारशाला तुम्ही देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलंत. सगळ्यांना वाटलं, आता हा म्हातारा पोरीला आयुष्य मागेल, चांगलं घर मागेल. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक तोंड दी म्हाराजा. होया ता मागूक शिकव म्हाराजा. आमच्या घरात सगळे मुके, ह्या एक तरी बोलणारा होवंदे म्हाराजा." आई पदराआड हसत होती. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "व्हय म्हाराजा." आणि देवाने ते इतकं मनावर घेतलं की पुढची वीस-बावीस वर्षं या घरात दुसऱ्या कोणाला बोलायला जागाच मिळाली नाही. सुरमईची मोठी तुकडी तिची. खिडकीची जागा तिची. शाळेतल्या बाईंनी चुकीचं उत्तर दिलं तर ती वर्गात उभी राहून सांगणार आणि दुसऱ्या दिवशी मला शाळेत बोलावणं येणार. मी वरवर रागवायचो आणि परत येताना मनातून खूश असायचो.

ती पोरगी जपानला गेली, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फोनवर गप्प झाली. गप्प म्हणजे बोलायची, पण मागायची नाही. "काही पाठवू का?" काही नको. "दिवाळीला येतेस?" बघू, तुम्हाला जसं सोयीचं. "थंडी आहे का?" ठीक आहे. बाबा, ही आपली पोरगी "तुम्हाला जसं सोयीचं" म्हणते. मी फोन ठेवला की तुमच्या सुनेला म्हणायचो, हिला तिकडच्या लोकांनी दाबलंय. तिथे म्हणे माणसं मनातलं तोंडावर बोलत नाहीत, सगळं पोटात ठेवतात, आणि आता ही त्यांच्याच घरात जाणार. तुमची सून म्हणायची, "तुम्हाला काय माहीत? कदाचित शहाणी झाली असेल." मला शहाणपण नको होतं. मला माझी भांडखोर पोरगी हवी होती आणि भीती वाटत होती की ती गेली ती गेलीच. म्हणून व्याही इथे आले की त्यांना त्यांच्या भाषेत, समोर बसवून सांगायचं ठरवलं होतं, की माझ्या मुलीचं बोलणं ऐकून घ्या. तिला गप्प करू नका.

नेमका तोच धडा एक दिवस वर्गात निघाला. सेन्सेई फळ्यावर लिहीत होती. आपल्याला स्वतःला काही करायचं असलं की तिकडे क्रियापदाला एक शेपूट लागतं, आणि दुसऱ्याने काही करावं असं आपल्याला वाटत असलं की वेगळंच शेपूट, "होशीई". मराठीत आपण "मला जायचंय" म्हणतो आणि "त्याने जावं असं मला वाटतं" म्हणतो, तसंच. ती म्हणाली, चला, प्रत्येकाने एक वाक्य करा, दुसऱ्याने काय करावं असं तुम्हाला वाटतं. वर्गात एकदम जान आली. एरवी तोंड न उघडणारी पोरंसुद्धा हात वर करायला लागली. एका मुलीने केलं, आईने माझा फोन बघू नये. एकाने केलं, वरच्या मजल्यावरच्यांनी पहाटे मसाला कुटू नये. भांडुपहून येणारा एक जण उठून म्हणाला, सेन्सेईने परीक्षा सोपी काढावी. सेन्सेई म्हणाली, "वाक्य बरोबर आहे, पण तू उद्धट आहेस. आपल्यापेक्षा मोठ्याला हे असं तोंडावर नाही सांगायचं. तिकडे साहेबाला असं बोललास ना, तर तो हसेल आणि मनातून तुला कायमचा खोडून टाकेल."

माझी पाळी आली. मी उभं राहून माझं वाक्य म्हटलं, व्याह्यांनी माझ्या मुलीचं बोलणं ऐकावं, होशीई. सेन्सेईने खडू खाली ठेवला. "काका, हे खरंच बोलणार आहात का?" मी म्हटलं, त्यासाठीच तर फी भरली. "मग वाट लागली. अहो, मुलीच्या सासरच्यांना ऑर्डर दिल्यासारखं होईल ते. तुम्ही 'इतादाकिताई' म्हणा. म्हणजे, तुम्ही एवढं केलंत तर आमच्यावर उपकार होतील, असा सूर. आणि वाक्य शेवटी थोडं अर्धवट सोडा." अर्धवट कशाला, मी विचारलं. "पुढचं त्यांनी समजून घ्यायचं म्हणून. आपल्याकडे पूर्ण बोलतात आणि मग भांडत बसतात ना." पोरं हसली. मग तिने आणखी एक सांगितलं. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते तिकडे छातीठोकपणे बोलत नाहीत. "तिला हवंय" असं सरळ म्हणायचं नाही, "तिला हवंसं दिसतंय" म्हणायचं, कारण आत काय आहे ते आपल्याला कुठे माहीत असतं. ते मी वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या ओळीला लागलो.

तास सुटल्यावर मी तिला म्हटलं, मोठ्यांना फिरवून सांगायची ही विद्या आमच्या घरात होती, जपानला जायची गरज नाही, माझे वडील गाऱ्हाणं घालायचे. ती म्हणाली, "गाऱ्हाणं म्हणजे तक्रार ना, काका? आमच्या गावी तक्रारीलाच म्हणतात." मग मला तिला सगळं समजावून सांगावं लागलं, की आमच्या कोकणातली रीत वेगळी. देवापुढे नारळ ठेवायचा, सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं, एकाने देवाकडे सगळ्यांसाठी मागायचं आणि प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आणि मग तुमचा पंपाचा किस्सा सांगितला. सोसायटीत तळमजल्यावरचे एक गृहस्थ पाण्याचा पंप चालू करून विसरायचे, टाकी भरून वाहायची, जिना ओला. तोंडावर बोललं की ते वकिली करायचे. तुम्ही गणपतीच्या गाऱ्हाण्यात, सगळी सोसायटी समोर उभी असताना, डोळे मिटून म्हणालात, "ह्या सोसायटीत पंप चालू करून जो कोण इसारता, तेका बंद करूची बुद्धी दी म्हाराजा." आणि सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" कोण म्हणालं असेल, तर तेच गृहस्थ. म्हणणार नाहीत तर काय करतील, देवासमोर उभे होते. तुमचा नियमच होता, ज्याच्याविषयी मागणं आहे त्याने गप्प राहायचं नाही. सेन्सेई जिन्यात थांबून हसली. म्हणाली, "काका, तुमचे वडील मागच्या जन्मी जपानी असणार."

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला तुमची लाज वाटली होती. घरी आल्यावर मी म्हणालो की देवाला काय पंपाचं सांगता, सरळ नोटीस लावा. तुम्ही टोपी खुंटीला लावत होतात. वळून म्हणालात, "तेच्या तोंडावर सांगलंय तर तो माझ्याशी भांडात. देवाक सांगलंय तर तेका प्रसाद घेवन घरी जावक लागता. तुका काय होया, भांडाण काय पाणी?"  खरं तर मला ते आधीच माहीत असायला हवं होतं, कारण मी शाळेत असताना तुम्ही मला दसऱ्याला मिलमध्ये घेऊन गेला होतात. साचाखात्यात मागांना झेंडूच्या माळा लावल्यात, यंत्रं बंद आहेत म्हणून एकमेकांचं बोलणं ऐकू येतंय, आणि तुम्ही नारळ ठेवून उभे आहात. शेजारी कडक इस्त्रीच्या कपड्यांत मास्तर उभे आहेत, म्हणजे खात्याचे साहेब. तुम्ही आधी मास्तरांच्या मुलाबाळांना भरभरून मागता, त्यांच्या आईच्या गुडघ्यांना मागता, आणि मग त्याच सुरात, "ह्या खात्यातलो पंखो लय दीस बंद पडलो हा म्हाराजा. तो चालू करूची बुद्धी मास्तरांका दी म्हाराजा." मास्तर आधीच्या तीन-चार मागण्यांना "होय महाराजा" म्हणत आलेले असतात. आता कसे थांबणार? म्हणून टाकतात. त्यानंतर दिवाळीच्या आत पंखा फिरायला लागला आणि तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत, की देवाने ऐकलं. मास्तरांनी ऐकलं असं म्हणाला नाहीत.

पावसाळा सरल्यावर व्याही आणि विहीणबाई आले. तुमच्या नातीबरोबर आले, जावयाला रजा मिळाली नाही. व्याही तिकडे शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत. विहीणबाई लहानखुऱ्या, डोळ्यांत मिश्किल. चारकोपला आपल्या घरी ते आठवडाभर राहिले. मी हॉटेल बघत होतो तर पोरगी म्हणाली, त्यांना घरीच राहायचंय. त्या दोघांनी दारात चपला इतक्या नीट मांडून ठेवल्या की तुमच्या सुनेने घाईघाईने आपल्या घरातल्या सगळ्यांच्या चपला ओळीत लावल्या आणि मला दम दिला की आठवडाभर त्या तशाच राहिल्या पाहिजेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघतो तर दोघी विहिणी स्वयंपाकघरात. हिला जपानी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि दोघींचं अखंड चाललंय. ही नारळ खवून दाखवते, त्या खवणीवर बसायचा प्रयत्न करतात, ही "अगं बाई, हात जाईल" म्हणते, त्या मान हलवून तसंच बसतात. सोलकढी त्यांनी वाटीवर वाटी प्यायली. आणि आपली पोरगी ओट्याला टेकून दोघींकडे बघत होती, "आई, चालेल, तुला जसं करायचं तसं कर," असं म्हणत. मला ते "चालेल" पुन्हा टोचलं.

माझं वाक्य तयार होतं. मुसुमे नो हानाशी ओ किइते इतादाकिताई. अंघोळ करताना म्हणायचो, कारखान्यात मशीनपाशी म्हणायचो. पण सांगायची वेळ आली की जीभ अडायची. व्याही समोर बसून चहा पितायत, मी घसा साफ करतोय, ते कप खाली ठेवून ऐकायला पुढे झुकतायत, आणि मी हात दाखवून म्हणतो, बिस्किट घ्या. दिवसामागून दिवस तसेच गेले. जायच्या आदल्या दिवशी तुमच्या सुनेने फर्मान काढलं. "देवाला नारळ ठेवल्याशिवाय पोरीला परमुलखात पाठवायची नाही. गाऱ्हाणं घाला." मी म्हटलं, बाबा गेल्यापासून या घरात कोणी घातलं नाही, आपण नुसती आरती करतो. ती म्हणाली, "मग आता घाला. की क्लास लावायला पाहिजे?" बाबा, खरं सांगतो, जपानी वाक्य मला तोंडपाठ होतं आणि मालवणी येत नव्हतं. तुमच्यामागे आईही गेली, मग घरात मालवणी बोलणारं कोण उरलं? दुपारभर मी गच्चीत फेऱ्या मारत घोकत होतो, "देवा म्हाराजा, ह्या चेडवान... ह्या चेडवाक..." शेजारच्या गच्चीतल्या वहिनींनी दोनदा विचारलं, बरं आहे ना.

संध्याकाळी दिवा लावला. नारळ ठेवला. व्याही आणि विहीणबाई आमच्यासारखेच हात जोडून उभे राहिले. पोरीने त्यांना सांगून ठेवलं होतं की मध्ये मध्ये सगळे काय म्हणतात, पण त्यांना सांगायची गरजच नव्हती. त्यांच्याकडे कोणी बोलत असलं की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो, नाही दिला तर ऐकत नाही असं वाटतं. मी "बा देवा म्हाराजा" म्हटलं की व्याही लगेच मान हलवून हुंकार भरायचे, आमच्या सगळ्यांच्या आधी. तुम्हाला आयुष्यात इतका चांगला साथ देणारा मिळाला नसेल. मला त्याने जोर चढला. मी घराण्याला मागितलं, गावच्या देवाला आठवलं, व्याह्यांच्या घराला मागितलं, जावयाला मागितलं. मग पोरीपाशी आलो. "ह्या चेडवाचा बोलणा..." आणि पुढचा शब्द आठवेना. ह्या चेडवाचा बोलणा काय? समोर दिवा, मागे सगळे थांबलेले, आणि माझ्या तोंडून जे महिनाभर घोकलं होतं तेच बाहेर पडलं. देवाकडे बघून, हात जोडून, मी म्हणालो, "म्हाराजा, मुसुमे नो हानाशी ओ किइते इतादाकिताई."

"व्हय म्हाराजा" कोणीच म्हणालं नाही. तुमची सून माझ्याकडे बघतच राहिली. पण व्याही आणि विहीणबाई, इतका वेळ ज्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, ते दोघे एकदम ताठ झाले आणि कमरेत वाकले. देवाकडे नाही, माझ्याकडे. मग वर होऊन विहीणबाई पोरीकडे बघून काहीतरी म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. आपली पोरगी लाल झाली. मी म्हटलं, काय म्हणतायत? "काही नाही, बाबा." मी म्हटलं, सांग. देवासमोर उभी आहेस.

तिला सांगावं लागलं. विहीणबाई म्हणत होत्या, की हिचं बोलणं ऐकायचं म्हणजे काय, आम्ही दुसरं काही करतच नाही. ही आमच्याकडे येते तेव्हा आमच्या घरात हिचाच आवाज असतो. व्याह्यांची सिगरेट हिने बंद केली. शेजारणीशी कचऱ्यावरून भांडली आणि जिंकली. आणि पार्सल आलं तेव्हा तर, असं म्हणून त्यांनी नाकाला रुमाल लावायची खूण केली. तेव्हा मला कळलं, कुठलं पार्सल. एकदा ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, सुके बांगडे खावेसे वाटतायत." मी त्याच दिवशी बाजारात जाऊन बांगडे घेतले, वर सुक्या कोळंबीचे सोडे टाकले, कोणाकोणाला विचारून तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवून दिले. पोचले का, विचारलं तर म्हणाली, पोचले. पुढचं तिने कधी सांगितलं नव्हतं. पुढचं असं, की ते पार्सल वाटेत कुठेतरी फुटलं होतं. ऑफिसचा अख्खा मजला खाली उतरून रस्त्यावर उभा राहिला. तिने प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन वाकून माफी मागितली. मग ते बांगडे विहीणबाईंच्या घरी नेऊन जाळीवर भाजले आणि सगळ्यांनी मिळून खाल्ले. व्याह्यांनी तर काट्यांसकट खाल्ले. तो मुलगा तिला आवडायला लागला तोही त्याच दिवशी, कारण पार्सल उचलून बाहेर न्यायला तो एकटा पुढे आला होता, आणि ते घेऊन तिला आपल्या घरी नेणाराही तोच.

मी म्हटलं, मग मला का सांगितलं नाहीस?  ती पुढे आली, मला जरा बाजूला सारलं आणि देवासमोर हात जोडून उभी राहिली. घरातल्या मुलीने गाऱ्हाणं घातलेलं मी कधी बघितलं नव्हतं. तिचं मालवणी माझ्याहून वाईट, अर्धं कांदिवलीचं. "बा देवा म्हाराजा. माझो हो बापूस चांगलो आसा म्हाराजा. पण मी काय बोललंय की हो धावत सुटता. हीटर बंद पडलो सांगलंय तर ह्येनी माझ्या साहेबाक फोन केल्यान म्हाराजा. बांगडे म्हटलंय तर बांगडे पाठवल्यान. म्हणून मी ह्येका काय सांगनंय नाय. माका सांगूचा आसता. माका सगळा सांगूचा आसता म्हाराजा. तर मी बोलतंय तेव्हा ह्येनी कायएक करू नये, निस्ता आयकून घेवचा, अशी बुद्धी ह्येका दी म्हाराजा."  व्याह्यांनी हुंकार दिला. विहीणबाईंनी दिला. तुमची सून तर "व्हय म्हाराजा" असं म्हणाली की खालच्या खोलीत ऐकू गेलं असेल. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बाबा, तळमजल्यावरच्या त्या गृहस्थांना त्या दिवशी कसं वाटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. साहेबाला केलेला फोन मी विसरूनसुद्धा गेलो होतो. तिने चालेल, चालेल म्हणत मला सांभाळलं होतं, आणि मी बोरिवलीला जाऊन तिला सोडवायची भाषा शिकत होतो. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते, पण त्यातलं काहीच करत बसायची सोय नव्हती. मी म्हणालो, "व्हय म्हाराजा." नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. तिने नारळ उचलून माझ्या हातात दिला, मी तो फोडला, आणि खोबऱ्यातला मोठा तुकडा कोणाला विचारायच्या आधी तिने उचलला.

ते लोक परत गेले त्याला आता महिना होत आला. क्लास मी सोडलेला नाही. सेन्सेईला सगळं सांगितलं तर म्हणाली, देवाशी इतक्या शुद्ध जपानीत बोललेला तिचा मी पहिलाच विद्यार्थी. पोरीचा फोन आता जवळजवळ रोज येतो आणि लांबतो. साहेबांची कुरकुर, शेजारणीची कुरकुर, लग्नाच्या किमोनोवरून विहीणबाईंशी झालेला वाद. तुम्ही तिला दिलेलं तोंड जाग्यावर आहे. मी ऐकतो. मध्ये मध्ये व्याह्यांसारखा हुंकार देतो आणि हात मांडीखाली दाबून बसतो. परवा म्हणाली, "बाबा, थंडी खूप पडलीय इकडे, माझी रजई पातळ आहे, झोपेत गारठते." मी म्हटलं, असं का. ती म्हणाली, "हो ना." मी म्हटलं, हं. तिने पुढे दुसरंच काहीतरी सुरू केलं आणि मी तेही ऐकलं, शेवटपर्यंत. तुम्हाला मात्र खरं सांगायला हवं, कारण हे पत्र कुठे जाणार नाही आणि तुम्ही तिला सांगणार नाही. फोन ठेवल्यावर मी चपला घालून गादीवाल्याकडे गेलो होतो. चांगली जाड, पिंजून भरलेली रजई हातात घेऊन बघितली, तिची घडी किती होते तेही बघितलं. घेतली नाही. अजून तरी घेतली नाही.